लेकीची मोटार

आम्ही दोघे अमेरिकेत लेकीकडे गेलो, तेव्हा जावयांनी जुने मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर घेतले होते. त्याच्यामागे लेकीची छोटी मोटार जोडून आम्ही ॲरिझोनात फिरायला निघालो. वाटेत खडीचा रस्ता लागला. मुक्कामी उतरून पाहतो तर मोटारीचा दिवा फुटलेला, बॉनेटचे टवके उडालेले! मोटरहोमच्या मागच्या चाकांनीच खडे उडवले होते. मोटारीचे हप्ते अजून बाकी. लेक गप्प झाली.

जावयांनी मोटारीच्या पुढे कापडी पडदा बांधला. दोन दिवसांनी सोडला, तर आत शिरलेल्या धुळीने रंग घासलेला. मग रोज निघण्यापूर्वी आम्ही मोटार धुऊ लागलो, पडदा झटकून, फडफडणार नाही असा आवळू लागलो. खडीवर जावई वेग कमी ठेवीत.

नुसते झाकून वस्तू जपली जात नाही, आतली धूळही पुसावी लागते.