गोदाकाठची सकाळ

दिवेलागणीला आई पिशवी भरून दाराशी उभी राहते आणि म्हणते, "मला घरी जायचंय." "आई, हेच आपलं घर," असे आम्ही वर्षभर समजावले; तिची अस्वस्थता मात्र वाढतच गेली. स्मृतिभ्रंशात ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या पुष्कळ काळ टिकतात. आमची आताची सदनिका तिच्या लेखी परकीच आहे. तिचे घर पंचवटीतल्या, आता पाडल्या गेलेल्या वाड्यात आहे. हे उमगल्यावर एके दिवशी मी तिला गोदाकाठी नेले.

वेळ सकाळची निवडली, कारण दिवस कलताना तिचा गोंधळ वाढतो. सणावाराची गर्दी टाळली. नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तिच्या बटव्यात ठेवली.

रामकुंडापाशी येताच तिची पावले कपालेश्वराच्या पायऱ्यांकडे वळली. माझे नाव तिला दोन दिवस आठवत नव्हते. पण इथल्या महादेवाने नंदीला गुरू मानले, म्हणून त्याच्यासमोर नंदी नाही, ही कथा तिने न अडखळता सांगितली. थोड्या वेळाने पुन्हा सांगितली. मीही ती पुन्हा ऐकली.

दुतोंड्या मारुतीजवळ तिने काळजीने विचारले, "पाणी कुठवर आलंय?" नाशिककर पुराची उंची या मूर्तीवरूनच मोजतात. उन्हाळ्यातले पात्र शांत होते. पूर्वी मी म्हटले असते, "आता कुठला पूर?" त्या दिवशी म्हणालो, "मारुतीच्या पायाशीच आहे." ती निश्चिंत झाली आणि १९६९च्या महापुराविषयी बोलू लागली. परतताना ती जुन्या गल्लीकडे वळू लागली. वाडा नाही हे तिला दिसू नये, म्हणून मी चहाचे निमित्त काढले.

संध्याकाळी पिशवी पुन्हा दाराशी आलीच. मी विचारले, "घरी कोण कोण असेल गं?" ती पिशवी खाली ठेवून बसली आणि एकेकाचे नाव घेऊ लागली.

अशा फेरीने आजार बरा होत नाही. विसराळूपणा दिसताच वैद्यकीय तपासणी करावी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार किंवा नैराश्य यांमुळेही स्मृती मंदावते आणि त्यांवर उपचार आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. काळजी घेणाऱ्यानेही आठवड्यातून काही तास दुसऱ्यावर सोपवून विसावा घ्यावा. मात्र "मी कोण, ओळखलंस का?" अशी परीक्षा घेणे आधी थांबवावे. आईला माझे नाव आठवत नाही, पण हात धरला की ती सोबत चालते.