यादीबाहेरचं सामान

आमच्या घरी महिन्याचा किराणा म्हणजे आईनं पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली यादी. कन्नडमधली 'पट्टी'. बाबा ती घेऊन दुर्गदबैलला जायचे. काउंटरच्या अलीकडे आपण, पलीकडे दुकानदार, आणि सगळा माल त्यांच्या पाठीमागे. यादीत नसलेली वस्तू तोंडानं मागावी लागे. कधी तेच विचारत, "साबुदाणा मागच्या महिन्यात नेलात की हो, एवढ्यात संपला?"

तो काउंटर हटवला अमेरिकेतल्या क्लॅरेन्स साँडर्स यांनी. १९१६ साली मेम्फिसमध्ये 'पिगली विगली' दुकान काढून त्यांनी गिऱ्हाइकाला थेट मालात सोडलं. पुढं हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, हे ओक्लाहोमाच्या सिल्व्हन गोल्डमन यांनी हेरलं आणि १९३७ मध्ये चाकांची ट्रॉली आणली.

१९६२ मध्ये हॉकिन्स स्टर्न यांनी अशा न ठरवता केलेल्या खरेदीचे चार प्रकार सांगितले. निव्वळ लहर हा त्यातला एकच. वस्तू समोर दिसल्यावर 'अरे, हे संपलंय' असं आठवणं, नवीन वस्तू पाहून गरज वाटणं, आणि 'ऑफर बघून ठरवू' म्हणत घरून निघणं, हे बाकीचे तीन. म्हणजे आपण सगळेच त्यात आलो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे याला 'फ्रिक्शन' कमी करणं म्हणतात. वाटेतला एकेक अडथळा काढला की 'हो' म्हणणं सोपं होतं. नोटा मोजताना हात जरा थांबायचा, क्यूआर स्कॅन करताना थांबत नाही.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती आठ वर्षांच्या मुलीची. तिच्यासाठी किराणा म्हणजे रविवारची सहल. चॉकलेटं नेमकी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, बिलाच्या रांगेपाशी. तिला काही मागावंच लागत नाही, मग 'नको' पचवायला ती शिकणार कधी?

म्हणून यादी पुन्हा सुरू केली. आजीबरोबर डबे उघडून तीच लिहिते, मराठीत. दुकानात काही आवडलं तर घ्यायचं नाही, पुढच्या यादीत लिहायचं. बाबांना हा नियम फार पसंत पडला. गेल्या महिन्यात तिनं तीन वस्तू लिहिल्या होत्या. निघायच्या आदल्या रात्री दोन स्वतःच खोडल्या. तिसरी आम्ही आणली.