'चूक माझीच, साहेब'

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळचे सात-सव्वासात झाले असतील. लोणावळ्यातलं काम आटोपून जुन्या हायवेने वडगावला घरी निघालो होतो. पाऊस आणि वर धुकं. कार्ला फाटा मागे पडला आणि डाव्या हाताला अचानक काहीतरी हललं. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, पण गाडीच्या आरशाचा फटका सायकलच्या हँडलला बसलाच. सायकल आडवी.

उतरून धावत गेलो. पन्नाशीचे गृहस्थ, अंगावर प्लास्टिकचा कागद, हँडलला डब्याची पिशवी. पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या कामाला जातात. कोपर सोललेलं, गुडघ्याला मार. मी काही बोलायच्या आत तेच हात जोडून म्हणाले, "चूक माझीच, साहेब. साइडपट्टीवर पाणी साचलंय म्हणून वर आलो."

धडक मी दिली आणि माफी ते मागत होते. ते वाक्य वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाही.

त्यांच्या सायकलला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. खरं आहे. पण माझ्या गाडीचा काटा साठवर होता, तेही खरं. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर जाते. म्हणजे समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सतरा मीटर संपतात. तीसच्या वेगात हेच अंतर निम्मं होतं आणि धडकेतली ताकद चौपट कमी होते. त्या धुक्यात मी चाळीसने जरी असतो, तरी आरसा त्यांना लागला नसता.

आणि तिसरी खरी गोष्ट म्हणजे साइडपट्टी. डांबर संपतं तिथे वीतभर खाली खड्डा, त्यात पाणी, त्याखाली खडी. सायकलवाल्याने जायचं कुठून?

माझे वडील कामशेतहून तळेगावला कारखान्यात सायकलने जायचे. तिन्ही शिफ्ट केल्या. आई कधी दारात काळजी करत उभी राहिली नाही. आज माझा मुलगा सातवीत आहे. शाळा तीन किलोमीटरवर. त्याला सायकल घेऊन दिलीय, पण हायवे ओलांडून जायची परवानगी मीच देत नाही. सायकल जिन्याखाली धूळ खातेय आणि मी त्याला गाडीने सोडतो. म्हणजे ज्या गर्दीला घाबरून त्याची सायकल बंद केली, त्या गर्दीत रोज माझीच एक गाडी वाढवतो.

२००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला. तिथे सायकल, दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर कुणालाच प्रवेश नाही. वेगाच्या रस्त्यावर ते योग्यच आहे. पण मग मावळातल्या दूधवाल्याला, कामगाराला, शाळकरी पोराला जुना हायवे सोडून दुसरा रस्ता उरतो कुठे? हा आपल्या गावांचा रस्ता आहे. देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, सगळ्या बाजारपेठा त्याच्या कडेला. आणि आपण तोही एक्स्प्रेसवेसारखाच पळवतो. शनिवार-रविवारी भुशी डॅमला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली की साइडपट्टीवरूनही गाड्या घुसवतात.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. मुळशी-मावळचा टप्पा बघायला आपण लेकरांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होतो, टाळ्या वाजवल्या. देशोदेशीचे खेळाडू आले, त्यांच्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, वाहतूक थांबवली. अभिमान वाटला. पण म्हणजे मनावर घेतलं तर होतं की! रेसची सायकल काही मिनिटांत निघून गेली. डबा लावलेली सायकल मात्र रोज जाते.

काही जण म्हणतील, आता सायकल चालवतंय कोण? नेदरलँड्समध्येही एकेकाळी मोटारींपुढे सायकल मागे पडत चालली होती. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, मग सायकलचे वेगळे मार्ग झाले. आधी मार्ग, मग सायकली.

आपल्याला एवढं मोठं नको. पावसाळ्याआधी साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणा, खडी नको, मुरूम टाकून दाबून घ्या. पाण्याला वाट द्या. गावांच्या हद्दीत वेग तीस-चाळीसवर आणा आणि तो तपासा. दुभाजकातली वाट फार लांब असली की माणूस उलट्या बाजूने येतो. म्हणून शाळा आणि कारखान्यांजवळ ओलांडायची सोय करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून १९८-अ कलम आहे. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज करताना हे कलम लिहा.

सायकलवाल्या भावांनो, मागे लाल दिवा लावा, निदान रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

त्या दिवशी दहा मिनिटांत कितीतरी गाड्या गेल्या. एक टेम्पोवाला थांबला. "पोलिसांचं लफडं नको म्हणून कुणी थांबत नाही," तो म्हणाला. लोकहो, जखमीला मदत करणाऱ्याला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. कलम १३४-अ. थांबत जा. १०८ ला फोन करा.

दवाखान्यातून त्यांना घरी सोडलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "सायकल नीट होईल ना? उद्या कामावर जायचंय." सायकल मी दुरुस्त करून दिली, मागे दिवाही बसवला. साइडपट्टी मात्र मला एकट्याला दुरुस्त करता येत नाही.

आमच्या गावात हा विषय मी मांडणार आहे. तुमच्या गावात तुम्ही मांडा. तुमच्या भागातली खचलेली साइडपट्टी दिसली की फोटो आणि ठिकाण कमेंटमध्ये टाका. सगळे एकत्र करून एमएसआरडीसीला आणि तहसीलदारांना देऊ.

'चूक माझीच' हे आता आपण म्हणायची वेळ आहे. त्यांनी नाही.