मागच्या चाकाची कुरकुर

अम्मींना तपासणीसाठी अनसिंगहून वाशीमला नेताना आमची जुनी ओम्नी प्रत्येक खड्ड्यावर मागून कुरकुरायची. अम्मी म्हणायच्या, "बेटा, गाडी रो रही." एका मिस्त्रीने खाली न वाकताच दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. पगारातून एवढा खर्च काढण्याआधी आवाजाचे मूळ शोधायचे ठरवले.

ओम्नीला मागे कमानपाटे असतात. आवाज पाट्यांतून, त्यांच्या रबरी बुशांतून किंवा शॉकअपमधून येऊ शकतो. गाडी सपाट जागी उभी केली. मुलगा मागचा बंपर दाबत राहिला, मी बाजूला बसून ऐकत राहिलो. शॉकअपवर तेल ओघळलेले नव्हते. दाबून सोडल्यावर गाडी झुलतही राहत नव्हती. मग एकेका बुशावर पाणी शिंपडले. डाव्या पाट्याच्या मागच्या बुशाला पाणी लागताच आवाज थांबला, वाळल्यावर परत आला. तिथे ऑइल लावण्याचा मोह टाळावा. त्याने रबर फुगते. झिजलेला बुश बदलला, शॉकअप तेच राहिले.

वर्गातही कुरकुरणाऱ्या पोराला वाया गेलेला म्हणणे सोपे असते. नेमके कुठे दुखते, हे कळायला त्याच्याजवळ बसावे लागते.