जामीनदार

एडवर्ड अब्रामोव्स्की (१८६८–१९१८) या पोलिश तत्त्वज्ञाचा 'समाजवाद आणि राज्यसंस्था' हा ग्रंथ १९०४चा; हिंदुस्थानातला सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदाही त्याच वर्षीचा. त्याला सहकार हवा होता तो राज्यसंस्थेला वगळून, माणसांच्या नीतिबुद्धीतून उगवलेला. आपल्याकडे सहकाराची नोंदणीच सरकारी निबंधकाकडे. पिंपरीतल्या वडिलांच्या कामगार पतपेढीत लाभांश नि भेटवस्तू यांपलीकडे चर्चा क्वचितच जाई. म्हणून अब्रामोव्स्की आम्हांला बराच काळ भाबडा वाटला. पण वडील ज्याला जामीन राहिले, तो सहकारी नोकरी सुटून गावी गेला आणि त्याचे उरलेले हप्ते वडिलांच्या पगारातून कापले गेले. 'मैत्रीसंघां'विषयीचे अब्रामोव्स्कीचे विचार वाचताना त्या पगारपत्रकांची आठवण होते. पुढच्याच वर्षी वडिलांनी आणखी एकाच्या अर्जावर सही केली होती.