स्वभावाला औषध

'स्वभावाला औषध नाही' असं आपण किती सहज म्हणून जातो! मीही म्हटलं होतं, सासूबाईंच्या देखत, ह्यांना ऐकू जाईल असं.

हे मूळचे शांत नि काटेकोर. दुधाचा हिशेब, विजेचं बिल, सगळं वेळच्या वेळी. २०१८ साली ते सुटत गेलं. आंघोळीलासुद्धा दहादा सांगावं लागे. वन्संच्या सासऱ्यांपुढे असं काही अचरट बोलले, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची खंतही नाही! त्या रात्री मी रडत होते आणि हे शेजारी बसून शेंगदाणे खात होते. वाटलं, माझ्यावरून ह्यांचं मनच उडालं. माहेरी जायला बॅगही भरली मी.

मग एका सकाळी चहा घेताना फिट आली. एमआरआय काढला, तर कपाळामागे लिंबाएवढी गाठ. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ. ह्यांची कॅन्सरची नव्हती, पण बरीच वर्षं हळूहळू वाढत असणार. मेंदूचा पुढचा भाग म्हणजे माणसाचा पाचपोच, उत्साह, जिभेवरचा ताबा. तिथे दाब आला की कधी कधी दुखतखुपत काहीच नाही, माणूसच बदलतो. (चिडणाऱ्या प्रत्येक नवऱ्याच्या डोक्यात गाठ नसते, हेही खरं!)

ऑपरेशन नीट झालं. पण सूज उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. त्यांनी हे रात्री दोनला जागे, सारखी भूक, भांडायला तयार. डोस उतरला तसे निवळले. पुढे फिटच्या गोळीने, लेव्हेटिरासिटामने, पुन्हा चिडचिड. मी ती परस्पर बंदच करणार होते! बरं झालं केली नाही. एकदम थांबवली तर फिट उलटते. डॉक्टरांनी हळूहळू बदलून दिली. तेव्हापासून मी वही ठेवते. कुठली गोळी, किती वाजता, केव्हा नि कशावरून चिडले. डॉक्टर आधी तीच मागतात.

आता बिलं हेच भरतात. पण सगळं परत आलंय असं नाही. कधी मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवतात, तेव्हा मनात येतं, हा आजार, की गोळी, की हे स्वतःच? इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला ते ओळखता येत नाही. ताट झाकून ठेवते नि वहीत तारीख घालते.

त्या बॅगेचं मात्र ह्यांना अजून सांगितलेलं नाही.