दुष्काळी टापूतले दर्यावर्दी

विट्याची माणसं देशभर पांगली ती सोनं-चांदी गाळायला. आमच्याही घरात थोरले दोघे गलाईच्या दुकानावर. मी नौदलाचं नाव काढलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तिथं आपलं कोण हाय?" कुणीच नव्हतं. समुद्रही मी तोवर पाहिला नव्हता.

ओडिशात चिल्काला प्रशिक्षणात रत्नागिरी-मालवणकडची पोरं भेटली. कुणाचा आजा मचव्यावर तांडेल, कुणाचा बाप ट्रॉलरवर. यांना समुद्र रक्तातूनच मिळाला असणार, अशी माझी समजूत. पुढे जहाजावर पहिल्यांदा समुद्र खवळला, तेव्हा त्यांतलेही काही माझ्या शेजारी बादली धरून बसले. गोडं पाणी मोजून मिळू लागल्यावर तर तेच कुरकुरले. मी मगभर पाण्यात अंग विसळून मोकळा. टँकरच्या रांगेत वाढलेल्याला त्यात नवल कसलं!

दर्यावर्दी घराणं म्हणजे आंग्रे, हे शाळेत शिकलेलं. मुंबईतल्या नौदल तळाचं नावही आयएनएस आंग्रे. (१७५६ साली त्याच घराण्यातल्या तुळाजींचं आरमार इंग्रजांनी विजयदुर्गात जाळलं, तेही पेशव्यांच्या संगनमताने. हे आम्हाला तळावर कुणी सांगितलं नाही.) मला मात्र ओढ होती व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींची. १९७१च्या युद्धात ते आयएनएस कामोर्ताचे कप्तान होते; वीरचक्र मिळालं. १९८३ साली पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मी त्यानंतरचा, पण मेसमध्ये त्यांचं नाव निघायचंच.

आणि हा माणूस राहायला गेला कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत! विट्याहून मायणी, दहिवडी करत फलटण गाठावं, तर वाटेत सगळं कुसळांचं माळरान. समुद्रापासून एवढ्या लांब बसून त्यांनी एकच धोशा लावला: भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलाने ते मनावर घेतलं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली. ऑगस्ट २००९मध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१०मध्ये परतले. २०१३ साली अभिलाष टॉमींनी कुठेही न थांबता फेरी पुरी केली. मग 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या, मे २०१८मध्ये. त्याच नोव्हेंबरात आवटी गेले.

कमांड, पदकं ही कारकीर्द मोठी खरीच. मला विचाराल तर निवृत्तीनंतरची ही जास्त मोठी. बहुतेक वरिष्ठ अधिकारी आठवणी सांगण्यात रमतात; हे दुसऱ्यांना होडीत चढवत राहिले.

हल्ली अग्निवीरचा फॉर्म घेऊन पोरं माझ्याकडे येतात. "आमच्या घरात कोण दर्यात गेलं नाय," असं दबकत सांगतात. मी घराण्याचं विचारतच नाही. पोहता येतं का, ते विचारतो. आम्ही पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकलो. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून विहिरींना पुन्हा पाणी आहे, पण आता आयाच पोरांना विहिरीकडे फिरकू देत नाहीत. मग रविवारी मीच त्यांना घेऊन उतरतो.